सगळ्यांना आवडलेली रिकामी अभ्यासिका

जावा बेटावरच्या आमच्या योग्यकर्ता शहरातल्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळणाऱ्या विगातीबाई म्हणजे सगळ्यांच्या ‘बू’, आपल्याकडच्या ‘बाई’सारख्या. त्यांनी कोणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मी त्यांच्या हाताखाली पुस्तकं लावते, आणि मला त्यांच्या या गोडव्याचा कधीकधी भयंकर राग येतो.

आयुष्यात त्यांनी एकच हट्ट धरला, अभ्यासिका नवी करायची. जुन्या खोलीत चटया, बुटकी मेजं आणि कुरकुरणारे पंखे होते. मुलं दाराशी चपला काढून, पालथी पडून वाचायची. बूंना त्याची लाज वाटायची. दरवर्षी त्या डीन हार्सोयोंकडे हळूच विषय काढायच्या, आणि एकदाचं काम झालं. काचेच्या भिंती, एकेकट्याने बसायचे कप्पे, उंच पाठीच्या खुर्च्या आणि दिवसभर एसी. पहिल्या दिवशी बू ठेवणीतलं बाटिक घालून आल्या होत्या.

मुलांनी हौसेने फोटो काढले आणि खोली ओस पडली.

“कशी वाटते रे खोली?” बू विचारायच्या.

“फारच छान, बू!” असं म्हणून मुलं अदबीने वाकायची आणि बाहेर व्हरांड्यात फरशीवर घोळका करून बसायची. अभिप्राय मागवले, तर झाडून सगळे ‘अत्यंत समाधानी’. मी कपाळावर हात मारला.

मग रिकामी खोली हिशेब विभागाला द्यायचं घाटू लागलं. बैठकीची तारीख जवळ आली तशी बू दिवसातून दहादा त्या रिकाम्या खोलीत डोकावून यायला लागल्या. शेवटी मी तोगार नावाच्या विद्यार्थ्याला धरून आणलं, दूरच्या सुमात्रा बेटावरच्या मेदानचा. तो तिथल्या बाटक जमातीचा. पोटात एक आणि ओठावर एक, हे त्या लोकांना जमतच नाही.

“बू, रागावू नका,” तो म्हणाला. “तिथे बसलं की त्या एसीने अंगात वारा शिरतो, सगळं अंग दुखतं. घरी जाऊन तेल चोळत बसावं लागतं. आणि त्या कप्प्यात शंका विचारायची कोणाला, भिंतीला?”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“ही जावाची पोरं बोलू देतायत का? म्हणे, बूंनी केवढ्या हौसेने केलंय!”

बू अभिप्रायाचे कागद उगीच पुन्हा चळतीत लावू लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बैठकीत डीननी विचारलं, “मुलं खूश आहेत ना, बू?”

शेजारी बसलेल्या मला वाटलं, बू आता ‘हो’च म्हणणार.

“नाही, पाक,” साहेबांना अदबीने हाक मारून त्या म्हणाल्या. “मी मागितलेली खोली कोणालाच नकोय. चूक माझी आहे. पण मुलांची जागा काढून घेऊ नका. खुर्च्या न्या, चटया द्या, तो एसी बंद करा. मुलं येतील.”

डीन खाली मान घालून म्हणाले, “मी तिथे जरा बसून आलो ना, की अंगातला वारा काढायला बायकोला नाण्याने पाठ खरवडून द्यावी लागते. पण तुम्ही इतक्या आनंदात होतात, बू. सांगणार कसं?”

“अगंबाई!” बू म्हणाल्या. “मी तर पहिल्या दिवसापासून आत स्वेटर घालून बसतेय! तुम्ही एवढ्या प्रेमाने करून दिलंत, म्हणून गप्प होते.”

हिशेब विभागाला दुसरीकडे जागा बघायला सांगून डीन उठले. बू हसत होत्या आणि रुमालाने डोळेही पुसत होत्या, आणि त्यांच्यावर चिडायचं मला काही केल्या जमलं नाही.