आमच्या घरची शिवी: तिप्पी

मंडळी, आज सकाळी ओट्यावर सांडलेला चहा बघून मी लेकीवर नेहमीसारखी ओरडले, "तिप्पी कुठली." आतल्या खोलीतून लगेच "ओ" आली. म्हटलं, कार्टी चेष्टा करतेय.

ही शिवी आमच्या घराबाहेर कुणी देत नाही. आली कुठून, लिहायची कशी, हे विचारायला दुपारी कमरीपेठेत वडिलांच्या आत्याकडं गेले. आम्ही त्यांना अक्का म्हणतो.

अक्का म्हणाल्या, "शिवी नव्हे ग ते. माझ्या थोरल्या बहिणीचं नाव. तिच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून हिला उकिरड्यावर लोळवून तिप्पी म्हटलं. कन्नडात तिप्पे म्हणजे उकिरडाच की. असल्या नावाकडं मरण बघत नाही म्हणायचे."

"मग?"

"सातव्या वर्षी गेली. पण त्यानंतरही घरात काही सांडलं की आमची आई, अव्वा, तिलाच हाक मारायची. गुणाची पोर, एका हाकेत ओ द्यायची."

घरी आल्यावर लेकीला विचारलं. सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

तुमच्याही घरात अशी एखादी शिवी असेल, तर ती कुणाची आहे ते विचारून ठेवा. मला तिची माफी मागायची आहे. पण हाक काय मारू? तिला दुसरं नावच ठेवलं नव्हतं.