जावयाची गाडी गरम होईपर्यंत

जावयाला तोंडावर काही बोलायचं नसतं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानत होते. दिवाळीला मुलगी-जावई आमच्या जबलपूरच्या, चेरीताल भागातल्या घरी आले ते राहिलेच, कारण त्याची बदली इथेच झाली. सोबत त्याची गाडी आली. जुनी, परदेशी, लाल. तिच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होत नाहीत, एक तिकोनी तुकडा गोल फिरतो, हे तो दूधवाल्यालाही सांगतो.

थंडी पडली आणि त्या तिकोनी तुकड्याने वीट आणला. सकाळी किल्ली फिरवली की गाडी जागच्या जागी बोंबलते. जात कुठे नाही, नुसती बोंबलते. इंजिन थंड असलं की आपोआप जोरात फिरतं, गरम झालं की हळू होतं, असं जावई म्हणतो. तोवर मागच्या नळीतून कच्च्या पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा धूर. नळी आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. पोह्यांनासुद्धा तोच वास. घास तोंडात फिरायचा.

यांना दमा आहे. जन्मभर फॅक्टरीत लोखंडाची धूळ खाल्ली, म्हातारपणी जावयाचा धूर. तरी म्हणायचे, जाऊ दे, जावई आहे. सासऱ्यासाठी ज्याने कधी पेलाभर पाणी गरम केलं नाही, तो गाडी गरम करायला पहाटे उठायचा.

पौषातल्या एका सकाळी यांना श्वासच घेता येईना. पलंगाची कड धरून बसले, ओठ निळे पडले. मी बाहेर गेले. गाडी बोंबलत होती आणि जावई बाजूला उभा राहून काच पुसत होता. बंद करा म्हटलं. तो म्हणाला, थंड इंजिन मध्येच बंद केलं तर आत पेट्रोल साचतं, मग सुरू होत नाही.

"पाच मिनिटं, आई. गरम होऊन राहिली."

मी गाडीच्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

आत येऊन यांना पंप दिला, पाठ चोळली. हळूहळू रंग परतला. मग किल्ली नेऊन जावयाच्या हातावर ठेवली. गाडी खरंच सुरू झाली नाही. नुसती कुरकुरली. मुलगी धावत आली.

"आई, तू काहून हात लावला? किती नाराज झाले ते."

बाप कसा आहे, हे तिने नंतर विचारलं.

मिस्त्रीने प्लग काढून वाळवले तेव्हा गाडी चालली. जावई माझ्याशी बोलत नाही. बरं आहे. पण आता रोज सकाळी गाडी ढकलत गल्लीच्या तोंडाशी नेतात आणि तिथे सुरू करतात. तो आत बसून स्टेअरिंग धरतो. मुलगी शाल कमरेला खोचून मागून ढकलते.

हे पलंगावरून विचारतात, "कोण ढकलून राहिलं?"

"तुमची पोरगी."

मग हे मला खिडकी लावून घ्यायला सांगतात. धूर आता येत नाही, तरीही.