मंजुषाचा आवाज

अकोल्यात बियाणं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीत फोनवर बोलायला सहा बाया होत्या. शेतकऱ्यांना फोन लावायचा, पिकावर कोणती कीड दिसते ते विचारायचं आणि औषध सुचवायचं, एवढंच काम. मंजुषाला तिथं लावलं ते सीमानं. मंजुषाचं घर माळ्याचं, शेवंती-झेंडू बाजारात विकणारं; तिनं ऑफिस कधी आतून पाहिलं नव्हतं. बार्शीटाकळीहून रोज बसनं येणाऱ्या सीमानं तिला शेजारी बसवून घेतलं, समोरचा माणूस चिडला तर कसं बोलायचं तेही शिकवलं.

मंजुषाच्या बोलण्यात गोडवा होता. शेतकरी तिचा फोन मधेच ठेवत नसत. म्हणून साहेबांनी एक दिवस तिलाच केबिनमध्ये बोलावलं. संगणक आता माणसासारखं बोलतो, तो तुमच्या आवाजात बोलेल, रेकॉर्डिंग करून द्या, पगार वाढवू, असं म्हणाले. मग दार लोटून घेतलं आणि बाकीच्यांना सध्या काही सांगू नका, म्हणाले.

दार लोटलं तेव्हाच मंजुषाला सगळं कळलं होतं. तरी तिनं मान हलवली, कागदावर सही केली. मुलीला, खुशीला, नर्सिंगला घालायचं होतं. पुढे कितीतरी दिवस ती बंद खोलीत बसून वाक्यं बोलत राहिली. सीमानं विचारलं तेव्हा खाली पाहत म्हणाली, ट्रेनिंगचं काहीतरी आहे.

दिवाळी झाली आणि पाच जणींना घरी बसवलं. मशीन एकाच वेळी शेकडो लोकांशी बोलत होतं. कंपनीचा धंदा पार यवतमाळपर्यंत पसरला, साहेबांनी नवी गाडी घेतली. मशीनच्या चुका दुरुस्त करायला मंजुषाला तेवढं ठेवलं. दिवसभर ती स्वतःचाच आवाज ऐकत बसे. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिनं फायली रचून ठेवल्या, म्हणजे ती रिकामी दिसायची नाही.

एका रविवारी तिला राहवेना. ती बार्शीटाकळीला गेली. सीमा आता दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं हरभरा सोंगायला, कापायला जात होती. ओसरीवर तिचे सासरे खुशालराव कंपनीचा आलेला फोन स्पीकरवर टाकून बोलत होते. फोनमधून मंजुषाचाच आवाज येत होता.

"जेवली का बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हो काका, जेवले. तुमचं झालं?" फोन म्हणाला.

दारात उभी असलेली सीमा म्हणाली, "बुढ्याले वाटते, खरीच बाई बोलून राहिली." मग तिनं विचारलं, "आमाले काढनार हायेत, हे तुले माईत होतं का?"

"हाव."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

सीमाचा आवाज चढला नाही. "तुह्या पगाराचं मले काई नाई व. पन माह्याजवळ बसून खोटं बोलली तू. सांगतलं असतं तं आमी दुसरीकडं पायलं असतं."

तिनं चहा केला, पण कप ठेवून आत निघून गेली. मंजुषानं तो खुशालरावांसोबत बसून प्यायला. ती कोण, हे त्यांना तिनं सांगितलं नाही.

सोमवारी तिनं साहेबांना माझा आवाज काढून टाका म्हणून विनवलं. साहेब शांतपणे म्हणाले, तुम्ही सही दिली आहे, आवाज आता कंपनीचा. तुम्हाला राहायचं नसेल तर तुमची मर्जी, आवाज राहीलच.

मंजुषा जागेवर येऊन बसली. नोकरी तिनं सोडली नाही. खुशीची फी त्याच पगारातून जाते. सीमाला तिनं दोनदा फोन लावला. तो उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा लावायला तिचा हात धजत नाही, कारण पलीकडून सीमाला ऐकू येणार तो तोच आवाज.