गणवेशाच्या बाजूनं मी का बोलले

मैत्रिणींनो, आज मुलीच्या शाळेत पालकसभा होती. आरमोरीजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा, मुलगी सातवीत. प्रश्न एवढाच होता की शनिवारी घरचे कपडे चालू ठेवायचे की सहाही दिवस गणवेश.

मी उठून बोलले. गणवेशानं सगळी मुलं सारखी होतात वगैरे. बहुतेक हात माझ्या बाजूनं वर झाले आणि शनिवार गेला.

तेव्हापासून मन खातंय. शेजारची सुनंदा जुन्या साड्यांतून लेकीचे ड्रेस शिवते. माझी मुलगी दुकानातला महागडा ड्रेस घालते, तरी शनिवारी सगळे सुनंदाच्या पोरीकडेच बघतात. मला ते बघवत नव्हतं. समानता मला नंतर सुचली.

सभेनंतर सुनंदा जवळ आली. वाटलं, आता भांडणार.

"बाई, बेस बोलल्या तुमी," ती म्हणाली. "पण त्या गणवेशात पोरी पोत्यात भरल्यावानी दिसून राह्यल्या ना! मी माह्या पोरीचा बारीक केला. तुमच्या पोरीचाबी पाठवा, करून देतो."

तिची लेक समोरच उभी होती. तोच निळा गणवेश, पण काय शोभत होता तिला!

"नको, वाढतं अंग आहे," मी म्हणाले.

"आई, काऊन नको?" माझ्या मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं.

ती अजून रुसलेली आहे. गणवेश घेऊन सुनंदाच्या दारात जायला माझा पाय उचलत नाही. तुम्ही गेला असता?