मावशीने वाचलेली निधनवार्ता

थोरलीला मावशी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यामुळे ती हसली की नाही, हे थोरलीला कळलंच नाही. आईची खुर्ची असायची त्या खिडकीपाशी आता शिवणयंत्र आलं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबांनी त्याच आठवड्यात, कसलाही गाजावाजा न करता, कचेरीत सह्या करून हिच्याशी लग्न केलं होतं.

टाचण्या काढून ती म्हणाली, "आई म्हणायची जबरदस्ती नाही हं. मावशी म्हण. आणि तो फ्रॉक काढ आधी, बाही उसवलीय."

थोरलीने फ्रॉक काढून दिला. ‘मावशी’ मात्र कायमची राहिली.

मावशी शाळांचे गणवेश शिवायची. दोघी बहिणींच्या कपड्यांत आत भरपूर कापड राखायची आणि पोरी उंच झाल्या की उसवून वाढवायची. पुढे बाबांची नजर अधू झाली, तेव्हा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचं कामही तिच्याकडेच आलं. बाबा निधनवार्तांपासून सुरुवात करायला लावायचे.

"बघ गं, माझं नाव आलंय का?"

"नाही आलं. आज तरी चहा घ्या."

असे बाबा एका दुपारी झोपेतच गेले. पेपरात द्यायचा मजकूर लिहायला थोरली बसली. मावशी दारात उभी राहून एकेक आठवून सांगत होती. पाण्याचे मीटर तपासायची नोकरी, बढती नाकारली ते साल, चुलत्यांचं गाव.

"‘मनमिळाऊ’ लिहू?"

"लिही की. गेल्यावर सगळेच मनमिळाऊ होतात. तुझे बाबा मात्र होते हो खरंच. जेवण वेळेवर मिळालं की झालं."

दोघी रडता रडता हसल्या. मग कोणीतरी हाक मारली म्हणून मावशी आत गेली.

‘त्यांच्या पश्चात’ इथवर आल्यावर थोरलीचा हात थांबला. पुढचा शब्द ‘पत्नी’. इतकी वर्षं मनात तो शब्द आईच्या नावावर होता. तो दुसऱ्या कुणाला द्यायचं तिच्या जिवावर आलं. धाकटीला विचारू, असं म्हणून तिने तेवढी जागा कोरी सोडली. तेवढ्यात पेपरच्या कचेरीतून फोन आला.

"ताई, पान लावायला घेतलंय. सांगताय ना?"

थोरली वाचत गेली. "त्यांच्या पश्चात दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे." कोरी जागा फोनवर ऐकू येत नाही.

सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. पेपर आला. कोणी काही म्हणायच्या आत मावशीने चष्मा लावला आणि रिकाम्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून, सवयीने, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. थोरलीला उठून पेपर काढून घ्यावासा वाटला. मावशी त्याच संथ सुरात शेवटापर्यंत गेली. "दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार आहे." शेजारीण खाली बघू लागली. जावईबापू उगाच खाकरले.

मावशीने पेपराची घडी घातली. "छान लिहिलंय. मीटरचं आलं, ते बरं झालं."

माणसं पांगल्यावर थोरली स्वयंपाकघरात गेली. "मावशी, तुझं राहून गेलं गं."

"राहून गेलं, की राहू दिलंस?"

हा प्रश्न रागाने विचारला असता तर थोरलीने भांडून घेतलं असतं. पण बाही ढिली ठेवू की घट्ट, असं विचारावं तसा तो आला होता. तिला खोटं बोलवेना.

"राहू दिलं."

मावशीने मान हलवली आणि कप विसळत राहिली.

"उद्या परत देते मी. सगळं नीट घालून देते."

"नको. परत छापलं तर लोक तुझी चूक वाचतील, तुझ्या बाबांना कोण वाचणार? आणि खरं सांगू? ज्यांना वाचून दाखवायचं, ते आता ऐकायला नाहीत."

थोरलीने तरीही दुसऱ्या दिवशी दिलं. छापून आलं, ‘पत्नी’ सगळ्यात आधी. ते मावशीने पाहिलं की नाही, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

मावशी अजून त्याच घरात राहते, गणवेश शिवते. पेपर रोज येतो. ती तो मनातल्या मनात वाचते.