रोडवरचं सोयाबीन

मारेगाव रोडवर वाळत्या सोयाबीनचा वास आला, की माझा गुडघा अजून ठणकतो.

शाळेत असताना ट्रॅक्टरला वाट द्यायला मी सायकल कडेला घेतली आणि देवरावकाकांच्या सोयाबीनवरून सपशेल घसरले. गाड्यांच्या चाकांखाली आपोआप मळणी व्हावी म्हणून त्यांनी अर्धा रोड शेंगांनी झाकला होता. गुडघ्यातून रक्त वाहत होतं. काका धावत आले ते झाडू घेऊन. "काहून वं पोरी, दिसत नाही का तुले? रक्त लावलं न मालाले!"

तेव्हा मीच त्यांची माफी मागितली होती. आता त्याचाच जास्त संताप येतो.

आज तिथेच सोयाबीन पसरून काका निंबाखाली घोरत होते. मागून काळंभोर आभाळ चढत होतं. मी सायकलवरून उतरले, घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर तळहात दाबला आणि हळूच पुढे निघाले.