मुलींच्या रॅकवरचा फायरफायटर

निघायच्या सकाळी आईने माझी बॅग पुन्हा उघडली. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, पलंगावर, तिने तळाशी घातलेले माझे दोन स्कर्ट बाहेर काढले आणि त्या जागी चार ओढण्या कोंबल्या. बाबा खाली टॅक्सीपाशी थांबले होते. मी म्हटलं, "आई, सिंगापूरला कोण बघायला येतंय?" बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, "लोकांचे डोळे सगळीकडे असतात. आपण आपलं अंग झाकून असावं." मी सव्वीस वर्षांची इंजिनिअर होते, तिथल्या नोकरीच्या परवान्याचं, एम्प्लॉयमेंट पासचं पत्र पर्समध्ये होतं. तरी ती ओढण्यांची बॅग उचलून खाली गेले.

इथे सिंगापूरला आल्यावर तोआ पायोह भागात एका खोलीत राहिले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, हाफ पँटमधल्या आज्या असत, ऑफिसच्या बायका असत, कोणी कोणाकडे बघत नसे. एका रविवारी मीही हाफ पँट घालून खाण्याच्या स्टॉल्सच्या हॉकर सेंटरला गेले. ट्रे हातात घेऊन टेबलांमधून चालताना पाठ ताठ झाली होती. आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. कोणीच काही म्हटलं नाही. परतताना लिफ्टमध्ये मला रडू आलं. ज्या तिकडे राहिलात आणि ज्या माझ्यासारख्या निघून आलात, त्या तुम्हाला ते रडू समजावून सांगायला नको.

मला वाटलं, सुटले.

आता लग्नानंतर आम्ही बुकित बातोकला राहतो. मुलगी सई आठ वर्षांची आहे. यंदा तिची शाळा फायर स्टेशन बघायला गेली होती. तिथल्या एका बाईने सईच्या डोक्यावर स्वतःचं हेल्मेट ठेवलं, तेव्हापासून सईला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे सोसायटीत, मुलांची हॅलोविनची वेशभूषा पार्टी होती. "मम्मा, मी फायरफायटर होणार," तिने जाहीर करून टाकलं.

आम्ही मॉलमधल्या दुकानात गेलो. मुलग्यांच्या रॅकवर फायरफायटरचा पोशाख होता: जाड कोट, फुल पँट, खिसे, खोटा पाइप. मुलींच्या रॅकवरही होता. लाल चकचकीत झगा, मांडीवरच संपणारा, कमरेला आवळलेला, छातीवर बदाम. पाकिटावरची मुलगी सईएवढीच, पण ओठ रंगवून मोठ्या बाईसारखी उभी केलेली. त्याच रांगेत पोलीस होती, डॉक्टर होती, सगळ्यांना तोच आखूड झगा. सईने फक्त हेल्मेटचं चित्र बघितलं आणि ते पाकीट छातीशी धरलं.

माझ्या तोंडून निघालं, तेही मोठ्याने, "शी! असं अंग दाखवत फिरणार लोकांसमोर? लाज नाही वाटत?"

दुकानातल्या दोघी-तिघींनी वळून बघितलं. सईचा चेहरा उतरला. तिने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्यात काय राँग आहे, मम्मा?"

राग मला त्या पाकिटाचा आला होता. ते शिवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा. लाज मात्र मी तिला दिली. आमच्या घरात म्हणायचे, झाक. ते पाकीट म्हणत होतं, दाखव. पोरीला आग विझवायची होती, ते कोणीच ऐकत नव्हतं. मीसुद्धा.

काही न घेता आम्ही घरी आलो. सईने बसमध्ये माझा हात धरला नाही.

दुसऱ्या दिवशी आईला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंस. ती म्हणाली, "शाळेत मी कबड्डी खेळायचे, माहितीय तुला? तालुक्याच्या टीममध्ये नाव आलं होतं. हाफ पँट घालावी लागते म्हटल्यावर तुझ्या आजोबांनी नाव काढून घेतलं. मला किती वर्षं वाटायचं, माझ्या पायांतच काही वाईट आहे. तुला मी तेच शिकवलं गं. तिला नको शिकवूस."

पस्तिशी ओलांडून गेल्यावर मला कळलं, माझी आई खेळायची.

संध्याकाळी सईसमोर बसून म्हटलं, "तुझ्यात काहीच राँग नाही. मी चुकीचं बोलले. तो ड्रेस वाईट शिवलाय, त्यात शिडी चढता येत नाही." तिने विचार करून विचारलं, "मग बॉइजवाला चालेल?" आम्ही पुन्हा गेलो. विकणारी म्हणाली, "आंटी, दॅट वन फॉर बॉइज, लाह." सई म्हणाली, "आग लागली की पँटच लागते."

पार्टीत खालच्या मजल्यावरच्या वहिनी हसल्या, "अगं, अगदी मुलगा दिसतेयस! गुलाबी काही मिळालं नाही?" सईने माझ्याकडे बघितलं. "ती फायरफायटर आहे," मी म्हटलं. सई घसरगुंडीकडे पळाली. तोच लाल झगा घातलेली एक मुलगी बाकावर बसून सारखी तो खाली ओढत होती. मी नुसती तिच्याजवळ जाऊन बसले.

घरी आल्यावर सईने घामाने भिजलेला कोट फेकला आणि जुन्या टी-शर्टात जेवायला बसली, खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन, ऐसपैस. "पाय खाली घे, नीट बस" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी ते गिळले.

इतकी वर्षं कोणी "घरी कधी जाणार?" विचारलं की मी चिंचवडला जायची तारीख सांगायचे. आता मनात आधी ही खुर्ची येते, जिच्यावर माझी मुलगी कोणाला न विचारता हवी तशी बसते. मी वरण-भात वाढला, आणि समोरच्या खुर्चीवर मीही पाय वर घेऊन बसले.